मुंबईतल्या घरासाठी गिझर निवडताना : पहिल्यांदा घर मांडणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

आमच्या लालबागच्या खोलीत तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत विस्तव, नळीभोवती पाणी, आणि तोटीतून एक तांब्या गरम पाणी हवे असेल तर वरून एक तांब्या गार पाणी ओतायचे, अशी त्याची रचना असल्यामुळे घरात रोज किती पाणी तापते आणि किती वापरले जाते हे लहान मुलांनाही ठाऊक असे. पुढे आम्ही मुलुंडला नव्या इमारतीत राहायला आलो आणि गिझर घेण्याची वेळ आली, तेव्हा हा साधा हिशेब मी केलाच नाही. दुकानदार म्हणाला, "चार माणसे म्हणजे २५ लिटर," आणि मी तो गिझर घेतला. वर्षभर तो सकाळपासून रात्रीपर्यंत चालू राहिला, विजेचे बिल वाढत गेले, आणि बाथरूमच्या हलक्या भिंतीतून त्याचा एक बोल्टही सैल झाला. त्यानंतर मी मोजमाप केले, वायरमन आणि प्लंबर यांना प्रश्न विचारले आणि योग्य क्षमतेचा गिझर बसवून घेतला. त्या वर्षभरात जे समजले ते नव्याने घर मांडणाऱ्यांना आधीच माहीत असावे, यासाठी हा लेख लिहीत आहे.

थंड देशांत घर तापवण्यासाठी भट्टी निवडतात. मुंबईत त्याची गरज पडत नाही. सांताक्रूझ येथे जानेवारी १९६२ मध्ये ७.४ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती, ती नीचांकी नोंद आजही अपवाद म्हणूनच सांगितली जाते. आपल्या घरात तापवायचे असते ते पाणी, आणि तेही फार नाही. ही गोष्ट लक्षात ठेवूनच पुढची प्रत्येक पायरी वाचावी.

१. दुकानात जाण्यापूर्वी आपली गरज मोजा

यासाठी एक बादली, लिटरच्या खुणा असलेले भांडे, पाण्यात बुडवता येईल असा साधा थर्मामीटर आणि घड्याळ एवढेच लागते. नळाच्या पाण्याचे तापमान सकाळी मोजा. आमच्याकडे गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी जानेवारीत २४ अंशांच्या आसपास आणि मे महिन्यात ३१ अंशांच्या आसपास असते. अंघोळीचे पाणी बहुतेकांना ४० अंशांच्या जवळपास लागते. नंतर बादलीत प्रत्यक्षात किती पाणी घेतले जाते ते पाहा. २० लिटरची बादली कोणी काठोकाठ भरत नाही, त्यामुळे ते साधारण १८ लिटर भरते.

आता हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवण्यासाठी एक किलोकॅलरी उष्णता लागते, आणि विजेच्या एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी असतात. म्हणून लिटर गुणिले अंश भागिले ८६० केले की युनिट मिळतात. जानेवारीतील एका अंघोळीसाठी १८ लिटर गुणिले १६ अंश म्हणजे २८८ किलोकॅलरी, अर्थात सुमारे ०.३३ युनिट. चार माणसांसाठी दिवसाला सव्वा ते दीड युनिट आणि महिन्याला साधारण ४० युनिट लागतात. शॉवर वापरणाऱ्या घरात मात्र हा आकडा पाहता पाहता दुप्पट होतो, म्हणून शॉवरखाली बादली ठेवून ती किती मिनिटांत भरते हे जरूर मोजावे.

हे ४० युनिट कोणत्या दराने पडतात, हेही याच वेळी तपासावे. शहर भागात बेस्ट, उपनगरांत मुख्यतः अदानी इलेक्ट्रिसिटी आणि टाटा पॉवर, तर मुलुंड-भांडुपकडे महावितरण वीजपुरवठा करते. घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांवर बदलतात. घरात आधीच २८० युनिट लागत असतील आणि त्यात गिझरचे ४० वाढले, तर त्यांतील २० युनिट वरच्या दराने आकारले जातात. त्यामुळे गिझरचा खर्च काढताना बिलाचा सरासरी दर धरू नये. आपण ज्या टप्प्याच्या टोकाला आहोत, त्या टप्प्याचा दर धरावा.

२. घर काय पेलू शकते ते तपासा

माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि सर्वांत जास्त घरांत तीच वगळली जाते.

पहिली गोष्ट विजेची. २ किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो, ३ किलोवॅटचा १३ अँपिअर, आणि ४.५ किलोवॅटचा जवळजवळ २० अँपिअर. याचा अर्थ पंखे-दिव्यांच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर कोणताही गिझर चालवता येत नाही. पहिल्या दोघांना १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट लागते आणि ४.५ किलोवॅटच्या गिझरला तेही पुरत नाही. गिरगाव, लालबाग, दादर अशा भागांतल्या जुन्या इमारतींत अनेक खोल्यांची वायरिंग मूळ दोन-चार दिव्यांच्या हिशेबाने केलेली असते. तेथे मीटरजवळच्या एमसीबीपासून (भार वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचपासून) बाथरूमपर्यंत वेगळी तांब्याची वायर ओढून घ्यावी लागते. अडीच चौरस मिलिमीटर ही किमान जाडी समजावी, ४ चौरस मिलिमीटर घेतल्यास अधिक चांगले. अर्थिंग खरोखर आहे की सॉकेटला फक्त तिसरे भोक आहे, हे परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे. ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण, नसेल तर गिझरच्या आधी ते बसवावे. ओल्या अंगाने, ओल्या फरशीवर उभे राहून आपण या यंत्राशेजारी रोज अंघोळ करणार आहोत, हे डोळ्यांसमोर ठेवून हा खर्च करावा.

विजेच्या बिलावर मंजूर भाराचा, म्हणजे वीज कंपनीने घराला मान्य केलेल्या वापराच्या मर्यादेचा आकडा छापलेला असतो. एसी, वॉशिंग मशीन आणि गिझर यांची बेरीज त्याच्या पुढे जात असेल, तर वीज कंपनीकडे भार वाढवण्याचा अर्ज करावा.

दुसरी गोष्ट पाण्याच्या दाबाची. दर १० मीटर उंचीला साधारण एक बार दाब तयार होतो. वीस मजली इमारतीत गच्चीवरच्या टाकीचे पाणी मध्ये कोठेही दाब न कमी करता खालच्या मजल्यावर आले, तर तो दाब ६ बारच्या आसपास जातो. म्हणून उंच इमारतीतल्या खालच्या मजल्यांसाठी ८ बार दाब सहन करणारा गिझर घ्यावा किंवा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावून घ्यावा. याउलट टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर दाब इतका कमी असतो की गॅस गिझर पेटतच नाही, कारण त्यातील ज्योत पाण्याच्या दाबाने सुरू होते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी गॅस गिझरचे पैसे भरण्यापूर्वी ही अट तपासावी.

तिसरी गोष्ट भिंतीची. २५ लिटरचा गिझर भरल्यावर पाणी आणि यंत्र मिळून ३५ किलोच्या आसपास वजन होते. नव्या इमारतींतल्या पोकळ किंवा हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधे प्लास्टिकचे गुट्टे ठोकून एवढे वजन टांगणे धोक्याचे असते. तेथे त्या भिंतीसाठीचे खास फास्टनर किंवा भिंतीतून आरपार जाणारे बोल्ट लागतात. पोटमाळ्याखाली जागा बुटकी असेल तर आडवा गिझर घ्यावा, मात्र त्याचे नळ डावीकडे हवेत की उजवीकडे हे घरी पाहून मगच मागणी नोंदवावी. जागा असल्यास उभा गिझर अधिक चांगला, कारण त्यात गरम पाणी वर आणि गार पाणी खाली असे थर नीट टिकतात आणि शेवटच्या तांब्यापर्यंत पाणी गरम मिळते.

चौथी गोष्ट पाण्याच्या जातीची. भातसा, तानसा, वैतरणा, मोडक सागर अशा तलावांतून मुंबईला येणारे पालिकेचे पाणी मऊ असते आणि त्याने गिझरमध्ये क्षार फारसे साचत नाहीत. परंतु तुमच्या सोसायटीत टँकरचे किंवा बोअरचे पाणी मिसळत असेल, तर क्षारांचा पांढरा थर एलिमेंटवर, म्हणजे पाणी तापवणाऱ्या विजेच्या दांडीवर बसतो, त्यामुळे उष्णता पाण्यात जाण्याऐवजी एलिमेंटच तापत राहते आणि शेवटी जळते. सोसायटीच्या सचिवांना हा प्रश्न सरळ विचारावा.

३. प्रकार ठरवा

विजेवर चालणाऱ्या सर्व गिझरमध्ये एलिमेंट पाण्यात बुडालेले असते आणि घेतलेली जवळजवळ सगळी वीज पाण्याला देते. त्यामुळे "आमचे एलिमेंट जास्त पाणी तापवते" या विक्रेत्याच्या वाक्याला फारसा अर्थ नाही. वीज वाया जाते ती तापवलेले पाणी न वापरता साठवून ठेवल्यामुळे आणि लांबच लांब पाईपमध्ये गार झाल्यामुळे. दहा मीटरच्या अर्धा इंची पाईपमध्ये सव्वा ते पावणेदोन लिटर पाणी मावते, आणि प्रत्येक वापरानंतर तेवढे गरम पाणी तिथेच निवते. दोन बाथरूमना एकच मोठा गिझर जोडण्याआधी हे अंतर मोजावे.

बादलीने अंघोळ करणाऱ्या लहान कुटुंबाला, जेथे वायरिंग चांगली आहे, तेथे ३ किलोवॅटचा तत्काळ तापवणारा छोटा गिझर पुरतो. तो मिनिटाला ४३ किलोकॅलरी देतो, म्हणजे १५ अंश वाढ हवी असेल तर मिनिटाला सुमारे २.९ लिटर पाणी मिळते आणि १८ लिटरची बादली सहा-साडेसहा मिनिटांत भरते. साठवणूक नसल्यामुळे वायाही काही जात नाही. शॉवरसाठी मात्र ही धार अपुरी असते. इमारतीत सकाळी थोडाच वेळ पाणी येत असेल आणि सगळ्यांना घाई असेल, तरीही हा प्रकार त्रासदायक ठरतो.

१५ लिटरचा साठवणुकीचा गिझर मुंबईच्या बहुतेक चौकोनी कुटुंबांसाठी पुरेसा असतो, असे मी अनुभवाने सांगतो. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर नेण्यासाठी ०.६ युनिट लागते आणि २ किलोवॅटचे एलिमेंट हे काम १८-२० मिनिटांत करते. ६० अंशांच्या एका लिटरमध्ये सव्वा लिटरपेक्षा थोडे जास्त नळाचे पाणी मिसळले की ४० अंशांचे पाणी तयार होते, म्हणजे एका भरणीतून गणिताने ३५ लिटर आणि प्रत्यक्षात ३० लिटरच्या आसपास अंघोळीचे पाणी मिळते. पहिल्या माणसाची अंघोळ होईपर्यंत पुढचे पाणी तापू लागलेले असते. २५ लिटरचा विचार शॉवर वापरणाऱ्या किंवा टब असलेल्या घराने करावा.

उष्मापंपाचा गिझर हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो आणि साध्या गिझरच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश विजेत काम भागवतो. मुंबईची उबदार, दमट हवा त्याला फार मानवते. किंमत आणि आकार मोठा असल्याने तो छोट्या फ्लॅटला परवडत नाही, पण मोठे एकत्र कुटुंब, वसतिगृह किंवा सोसायटीने एकत्रितपणे घेण्याजोगा हा पर्याय आहे. सौर गिझरसाठी १०० लिटरमागे साधारण दोन चौरस मीटर सौरपट्ट लागतो आणि गच्ची सोसायटीच्या मालकीची असते, त्यामुळे हा निर्णय एकट्या फ्लॅटचा नसतो. पावसाळ्यासाठी विजेची जोड ठेवावीच लागते.

बादलीत सोडायचा हीटर रॉड स्वस्त असतो आणि विजेचे रूपांतरही पुरेपूर करतो. तरीही लहान मुले असलेल्या घरात तो ठेवू नये. पाण्यात हात घालून "तापले का" हे पाहण्याची सवय जीवघेणी ठरते.

४. गॅस गिझर घेणार असाल तर

महानगर गॅसची पाईपलाईन घरात असेल तर हा पर्याय मोहात पाडतो, आणि खर्चाच्या दृष्टीने तो अनेकदा योग्यही असतो. तुलना अशी करावी : चांगल्या गॅस गिझरमधून एक घनमीटर पाईप गॅस जेवढी उष्णता पाण्याला देतो, तेवढ्यासाठी विजेचे सुमारे ८ युनिट लागतात. तुमच्या गॅस बिलावरच्या प्रति घनमीटर दराला ८ ने भागा आणि आलेला आकडा तुमच्या विजेच्या वरच्या टप्प्याच्या दराशेजारी ठेवा. सिलिंडर वापरणाऱ्यांनी एका किलोला सुमारे १० युनिट, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरला साधारण १४० युनिट असे धरावे.

परंतु पैशांच्या आधी जिवाचा विचार करायचा आहे. गॅस जळताना खोलीतला प्राणवायू वापरला जातो, आणि तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. मुंबईतल्या बाथरूम लहान असतात, एकुलती खिडकी थंडीत बंद केलेली असते, आणि आतून कडी लावलेली असल्यामुळे बेशुद्ध पडलेल्या माणसापर्यंत वेळेत पोहोचता येत नाही. अशा दुर्घटना आपण वर्तमानपत्रांत पुन्हा पुन्हा वाचल्या आहेत. म्हणून गॅस गिझर बाथरूमच्या आत कधीही लावू नये. तो हवेशीर बाल्कनीत किंवा युटिलिटीत लावावा, धूर बाहेर नेणारा पाईप त्याला असावा, आणि पाण्याचा पाईप तेवढा आत न्यावा. घरात अशी जागा नसेल, तर विजेचाच गिझर घ्यावा. यात तडजोड करण्यासारखे काही नाही.

दुसरा सापळा जेटचा, म्हणजे गॅस ज्यातून बाहेर पडतो त्या बारीक तोंडाचा आहे. सिलिंडरच्या गॅससाठी बनवलेला गिझर पाईप गॅसवर तसाच जोडता येत नाही, कारण दोन्हींचा दाब आणि जेटचे छिद्र वेगळे असते. बिलावर "पाईप गॅससाठी" असा उल्लेख करून घ्यावा आणि जोडणी गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच करावी. दुकानातून आलेल्या माणसाला गॅसच्या पाईपला हात लावू देऊ नये.

५. लेबल वाचायला शिका

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ अन्वये स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकित लेबल साठवणुकीच्या विजेच्या गिझरवर असते. त्यावर तारे पाहून थांबू नका. पाणी न वापरता गिझर नुसता गरम ठेवला तर २४ तासांत किती युनिट उष्णता निसटते, हा आकडा शोधा. तो आकडा आतल्या पाण्यात आणि बाहेरच्या हवेत ४५ अंशांचा फरक धरून काढलेला असतो. मुंबईत ६० अंशांच्या पाण्याभोवती २७ अंशांची हवा असेल तर हा फरक ३३ अंशांचाच असतो, त्यामुळे आपल्याकडे प्रत्यक्ष गळती लेबलवरच्या आकड्याच्या पाऊण पटीच्या आसपास राहते. गिझर अंघोळीपुरताच चालू करणाऱ्या घरात चार तारे आणि पाच तारे यांतला फरक फार थोड्या रुपयांचा असतो. आजारी किंवा वृद्ध माणसासाठी तो दिवसभर चालू ठेवावा लागत असेल, तर मात्र पाच ताऱ्यांना पर्याय नाही.

लेबलवरचा कालावधीही पाहावा. ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होतात, त्यामुळे जुन्या साठ्यातला पाच ताऱ्यांचा गिझर नव्या निकषांनुसार खालच्या पायरीवर असू शकतो. लोहार चाळीत किंवा कोणत्याही घाऊक बाजारात मोठी सूट सांगितली गेली, तर प्रथम हीच तारीख वाचावी. आयएसआय चिन्ह नसलेला गिझर फुकट मिळाला तरी घेऊ नये.

६. कागदपत्रे गोळा करा

विजेचे ताजे बिल, गॅस असल्यास ग्राहक क्रमांकासह गॅसचे बिल, आणि बाहेरच्या भिंतीला भोक पाडायचे असेल किंवा बाल्कनीत यंत्र लावायचे असेल तर सोसायटीचे परवानगीपत्र लागते. भाड्याने राहत असाल तर घरमालकांची लेखी संमती घ्यावी आणि घर सोडताना गिझर कोणाचा राहील हे त्यातच नमूद करावे. मंजूर भार वाढवायचा असेल तर ओळखपत्र आणि परवानाधारक वायरमनचा तपासणी अहवाल जवळ ठेवावा. खरेदीनंतर जीएसटीसह पक्के बिल, अनुक्रमांक लिहिलेले वॉरंटी कार्ड आणि बसवणाऱ्याची सहीची पावती एकत्र ठेवावी. वॉरंटी टाकीला वेगळी, एलिमेंटला वेगळी आणि उरलेल्या यंत्राला वेगळी असते. जाहिरातीतला मोठा आकडा बहुधा केवळ टाकीचा असतो.

७. बसवताना स्वतः उभे राहा

गार पाण्याच्या नळीवर सुरक्षा व्हॉल्व्ह बसवला आहे ना, हे पाहावे. पाणी तापले की फुगते. २५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर गेले की त्याचे आकारमान साधारण एक तृतीयांश लिटरने वाढते, आणि तेवढे पाणी या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर येणे स्वाभाविक आहे. आमच्या घरी आलेल्या एका प्लंबरने ती गळती समजून त्या तोंडाला बूच मारले होते. सुदैवाने दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकांच्या ते लक्षात आले. ते तोंड बंद केले तर वाढलेल्या दाबाला वाटच उरत नाही आणि टाकी फुटू शकते. त्या तोंडाला बारीक नळी जोडून ती मोरीत सोडावी.

टाकी पूर्ण भरून गरम पाण्याच्या नळातून अखंड धार येऊ लागल्याशिवाय वीज चालू करू नये, कारण कोरडे एलिमेंट काही क्षणांत जळते.

८. वापर आणि देखभाल

गिझर सतत चालू ठेवला तर वीज कमी लागते, हा समज अनेक घरांत आहे आणि तो चुकीचा आहे. पाणी जितका जास्त वेळ गरम राहते तितकी जास्त उष्णता निसटते, त्यामुळे अंघोळीच्या वीस मिनिटे आधी चालू करून पहिला माणूस आत गेल्यावर पाहिजे तर चालू ठेवावा आणि शेवटच्या आधी बंद करावा. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी किती तापवायचे हे ठरवणारी कळ, ५० ते ५५ अंशांवर ठेवल्यास क्षार कमी साचतात आणि लहान मुले भाजण्याची भीतीही कमी होते. मात्र साठलेल्या पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणून आठवड्यातून एकदा तो ६० अंशांवर नेऊन पाणी पूर्ण तापवावे.

वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर आणि थंडी सुरू होण्यापूर्वी, टाकीतील मॅग्नेशियमची कांडी तपासून घ्यावी. ही कांडी स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवते. पालिकेच्या पाण्यावर ती सहसा अधिक काळ टिकते. टँकरच्या पाण्यावर तपासणी दर सहा महिन्यांनी करावी. कांडी बदलल्याची तारीख वॉरंटी कार्डाच्या मागे लिहून ठेवावी, कारण तक्रारीच्या वेळी कंपनीचा माणूस प्रथम तीच विचारतो.